आदर्श कुणाचा घ्यावा आणि किती घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ एका मित्राच्या दुकानाच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण जमतो. कुणी शिक्षक, कुणी वकील, एकाचं गुऱ्हाळ आहे, दोघी बँकेतून निवृत्त झालेल्या. कुठल्याही धर्मातला एखादा उतारा वाचायचा आणि चहा संपेपर्यंत त्यावर भांडायचं, एवढाच कार्यक्रम. नवीन माणूस आला की जुनेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून ते एकदा लिहून ठेवतो आहे. उत्तरं माझी आहेत. माडीवरच्या सगळ्यांना ती पटतात असं समजू नका.

नियम पाळणारा माणूस सद्गुणीच झाला ना? मग सद्गुण वेगळा कशाला काढायचा?

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळतात आणि फेसाळ दूध ग्लासात हातात देतात. तिथं पाणी घालायला वावच नाही. त्यामुळे तिथल्या दुधावरून गवळ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल काहीही कळत नाही. तुम्ही झोपेत असताना, पहाटे पाचला दारातल्या पातेल्यात दूध ओतून जाणारा जो आहे, त्याच्या दुधावरून कळतं.

नियम दोघंही पाळतात. पण दुसऱ्याच्या अंगात काहीतरी मुरलेलं असतं. जुन्या ग्रंथांत त्याला ‘शील’ म्हटलंय. मनुस्मृतीत धर्माची मुळं मोजताना वेद आणि स्मृती यांच्या जोडीला जाणत्यांचं शील आणि सज्जनांचा आचारही धरलाय. बौद्ध परंपरेत तर शील हा अख्ख्या साधनेचा पाया. पण मला याहून आवडतो तो आपल्या घरातला शब्द: वळण. अक्षराला वळण असतं तसं वागण्यालाही. ‘पोराला वळण नाही’ असं आजी म्हणते तेव्हा पोरानं कुठला नियम मोडला, हे ती सांगत नसते. हाताला सवय लागलेली नाही, हे सांगत असते.

हे वळण लागतं कसं? प्रवचनं ऐकून?

ऐकून लागलं असतं तर आपल्या गावात एकही वाईट माणूस उरला नसता. एवढी प्रवचनं होतात.

ॲरिस्टॉटल म्हणतो की न्यायाची कृत्यं करत करत माणूस न्यायी होतो आणि धैर्याची करत करत धीट. कोल्हापूरकराला हे समजायला ग्रीक यायची गरज नाही, तालमीत जाऊन आलेला असला म्हणजे पुरे. मी पोरगा असताना शिवाजी पेठेतल्या एका तालमीत जात होतो. पहिले दोन महिने वस्तादांनी एकही डाव शिकवला नाही. हौद्यातली माती उकरायची, पाणी मारायचं, जोर-बैठका काढायच्या आणि मोठ्या पैलवानांची लढत बघत कडेला बसायचं. ‘आधी बघायला शीक’ एवढंच ते म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा फुकट राबवून घेतोय. पुढं कळलं की डाव हा बघून आणि अंगावर घेऊनच येतो, नुसतं सांगून येत नाही. ‘तालीम’ हा शब्दच मुळात अरबी, अर्थ शिक्षण. आपण तो मातीत नेला आणि बरं केलं.

धर्माला आदर्श माणूस लागतो तो इथं. डाव टाकून दाखवायला कुणीतरी हवं.

पण नियम स्पष्ट असतील तर माणसाची गरज काय? ग्रंथ आहेतच की.

ग्रंथ आहेत, आणि ते एकमेकांशी भांडतात. महाभारतात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, मार्ग कोणता? युधिष्ठिर म्हणतो, तर्काला ठाव नाही, श्रुती वेगवेगळ्या, एकाचंच मत प्रमाण धरावं असा एकही ऋषी नाही, धर्माचं तत्त्व गुहेत दडलेलं. म्हणून ‘महाजनो येन गतः स पन्थाः’, थोर ज्या वाटेनं गेले ती वाट.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हेच जबाबदारीच्या बाजूनं येतं. ‘यद्यदाचरति श्रेष्ठः’, श्रेष्ठ जे जे आचरतो तेच बाकीचे करतात. ज्ञानदेवांनी त्याचं मराठी असं केलं: ‘एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती । तेंचि येर अनुष्ठिती । सामान्य सकळ ॥’ ही ओवी सगळे कौतुकानं म्हणतात, पण जरा हळू वाचा. वडील करतात त्यालाच लोक धर्म असं *नाव ठेवतात*. म्हणजे वडील चुकले तर चुकीलाही धर्म म्हटलं जाईल. मला तरी ती ओवी थोरांना दिलेल्या तंबीसारखी ऐकू येते.

आदर्श माणसात खोट निघाली तर? मग त्याला आदर्श मानायचं सोडून द्यायचं का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि बहुतेक वेळा चिडलेल्या आवाजात येतो. त्यामुळे इथं थोडा थांबतो.

तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात. ‘सत्यं वद, धर्मं चर’, ‘मातृदेवो भव’ हे सगळ्यांना पाठ असतं. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. त्याच निरोपात पुढे एक वाक्य आहे, ते भिंतीवर मी कुठं पाहिलं नाही: ‘यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि.’ आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच घे, बाकीची नको. बारा वर्षं पायाशी बसलेल्या पोराला गुरू स्वतः सांगतोय की माझ्यात न घेण्याजोगंही काही आहे, ते इथंच ठेवून जा.

कुराणातही अशी जागा आहे. साठाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, इब्राहीम आणि त्यांच्या साथीदारांमध्ये तुमच्यासाठी उत्तम आदर्श आहे असं म्हटलंय, आणि त्याच आयतीत एक अपवाद काढलाय: इब्राहीम वडिलांना म्हणाले होते की मी तुमच्यासाठी क्षमा मागेन, तेवढं सोडून. आदर्श म्हणून ज्यांचं नाव घेतलं, त्यांच्या आयुष्यातलीच एक गोष्ट त्याच दमात बाजूला काढून ठेवली.

कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरावर २८ फुटी मूर्ती आहे, १९६३ मध्ये उभारलेली. अंगावर वेली चढलेल्या, डोळे शांत. शाळेच्या सहली तिथं जातात, फोटो काढतात, खाली येऊन डबा खातात. पण जैनांच्या या बाहुबलीची गोष्ट मूर्तीइतकी गुळगुळीत नाही. भावाशी, भरताशी, द्वंद्व जिंकून त्यानं राज्य सोडलं, वर्षभर उभं राहून तप केलं, तरी केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, होईना. दिगंबर परंपरा सांगते की मनात एक सल होता: ज्या जमिनीवर मी उभा आहे ती भरताची. भरतानं येऊन वंदन केलं तेव्हा तो सल गेला. श्वेतांबर परंपरेत त्याच्या बहिणी ब्राह्मी आणि सुंदरी येतात आणि म्हणतात, ‘भावा, हत्तीवरून खाली उतर.’ हत्ती कुठला? अभिमानाचा. एवढं मोठं तप, आणि शेवटचा अडसर एवढा साधा. खोट झाकून ही गोष्ट सांगितली तर गोष्टीचा जीवच जातो.

आपल्या गावचं बोलायचं तर शाहू महाराज शिकार करायचे, चित्ते बाळगून हरणं मारायचे. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात भुसा भरलेले प्राणी बघून पोरं घाबरतात. म्हणून महाराज आदर्श नाहीत असं कुणी म्हणेल? आणि ते आदर्श आहेत म्हणून उद्या कुणी बंदूक घेऊन राधानगरीच्या जंगलात शिरेल? दोन्ही वेडेपणा. ‘नो इतराणि’ एवढं लक्षात असलं की वाद मिटतो. खरं सांगायचं तर माडीवर तो मिटत नाही, पण मिटायला हवा.

देवाचं अनुकरण करायचं असतं का?

जुनी माणसं म्हणतात, रामानं केलं ते करावं, कृष्णानं सांगितलं ते करावं. गंमत वाटते, पण यामागं भागवताच्या दहाव्या स्कंधातला प्रसंग आहे. रासलीला ऐकून परीक्षित राजा भागवत सांगणाऱ्या शुकांना सरळ विचारतो: धर्म स्थापायला आलेल्यानं असं कसं केलं? शुक म्हणतात, जो ईश्वर नाही त्यानं हे मनातसुद्धा आणू नये. रुद्रानं समुद्राचं विष पचवलं, दुसरा कुणी मूर्खपणानं पिईल तर मरेल. अशा समर्थ ईश्वरांचं बोलणं खरं मानावं आणि आचरण कधी कधी, जे त्यांच्या बोलण्याशी जुळतं तेवढंच.

परीक्षिताला कुणी नास्तिक म्हणून हाकललं नाही, हेही जाता जाता ध्यानात घ्या.

इस्लाममध्ये तर प्रेषितांचं पाऊल न् पाऊल गिरवतात ना?

तेहतिसाव्या सूरेत प्रेषित मुहम्मदांना ‘उस्वा हसना’, म्हणजे उत्तम आदर्श, म्हटलंय. त्यांची रीत ती सुन्ना, आणि तिचा मान फार मोठा. हजरत आयेशांना कुणी त्यांच्या स्वभावाबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांचा स्वभाव कुराणच होता.

पण हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या आठवणींत, खजुराचीही गोष्ट आहे. मदिनेचे शेतकरी मादी झाडांवर नराचा परागकण हातानं घालत. प्रेषितांना वाटलं, याची गरज नसावी. लोकांनी तो प्रकार सोडला आणि पीक घटलं. तेव्हा ते म्हणाले, तुमच्या दुनियेतल्या कामांचं तुम्हालाच जास्त कळतं. आमचे गुऱ्हाळवाले ही गोष्ट ऐकून इतके खूश झाले की पुढचे तीन रविवार तीच सांगत होते.

जैन धर्मात मूर्तीला नमस्कार करतात, पण तीर्थंकर काही देत नाहीत म्हणतात. मग नमस्कार कशासाठी?

याचं उत्तर तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या मंगलाचरणात दोन शब्दांत आहे: ‘वन्दे तद्गुणलब्धये’. त्यांचे गुण मिळावेत म्हणून वंदन करतो. नोकरी नको, लॉटरी नको, गुण दे. णमोकार मंत्र बघा, ‘णमो अरिहंताणं’पासून ‘णमो लोए सव्वसाहूणं’पर्यंत कुणाही एकाचं नाव नाही. ना महावीर, ना ऋषभदेव. त्या पायरीला पोचलेल्या सगळ्यांना नमस्कार. भाद्रपदात दशलक्षण पर्वात दहा दिवस दहा गुणांचे: पहिला उत्तम क्षमा, मग मार्दव, आर्जव, अशी रांग. दिवसाला एक गुण, ही मला तालमीसारखीच रीत वाटते.

शाहू महाराज हे समाजसुधारक. त्यांना धार्मिक आदर्श म्हणणं ओढूनताणून नाही का?

नाही. वेदोक्ताचं प्रकरण धर्माचंच होतं. पंचगंगेच्या घाटावर स्नानाच्या वेळी राजाला वेदोक्त, म्हणजे वेदांतल्या, मंत्रांचा अधिकार नाही म्हणून पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले, मंत्र म्हटले गेले. अपमान गिळून गप्प बसणं किंवा त्या पुरोहितापुरता सूड घेणं, दोन्ही शक्य होतं. महाराजांनी त्या अपमानातून असा प्रश्न काढला की मला, राजाला, ही वागणूक, तर बाकीच्यांना काय? २६ जुलै १९०२ चा, संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा जाहीरनामा, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांची वसतिगृहं, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, हे सगळं त्यानंतरचं. स्वतःला लागलेली ठेच दुसऱ्याच्या पायावरून ओळखणं, याला करुणेपेक्षा वेगळं नाव मला सुचत नाही.

आणि गंगाराम कांबळ्यांचा चहा. दलित समाजातल्या या माणसाला महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला मदत केली. कुणी तिथं फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. फर्मान काढता आलं असतं की अमुक हॉटेलात चहा प्यावा. लोकांनी नाक मुरडून एक घोट घेतला असता. त्याऐवजी ‘यद्यदाचरति श्रेष्ठः’ त्यांनी कपबशीत ओतून दाखवलं. गीतेच्या त्या श्लोकावर याहून चांगलं भाष्य मी तरी वाचलेलं नाही.

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी जमलेल्यांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी आता मिळालाय, आणि बोट दाखवलं ते डॉ. आंबेडकरांकडे. गादीवरचा माणूस लोकांना म्हणतोय, माझ्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. असा आदर्श क्वचित सापडतो.

आदर्श आणि व्यक्तिपूजा यात फरक कसा ओळखायचा?

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेईल कदाचित, राजकारणातली भक्ती अधोगतीकडेच नेते. बुद्धांनीही शेवटच्या दिवसांत भिक्खूंना स्वतःचाच आधार धरायला सांगितलं.

माझी खूण साधी आहे. ज्याला आदर्श मानता त्याच्याविषयी एक टीकेचं वाक्य ऐकून कान लाल होतात का? होत असतील तर गुण बाजूला राहिला, फोटो हातात आलाय. गाडीच्या मागच्या काचेवरचं स्टिकर, दाढीची ठेवण, स्टेटसला लावलेला व्हिडिओ, यावर जास्त लिहीत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभे राहिलेल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे.

बायकांपुढे कायम सीता, सावित्री याच का ठेवतात?

ठेवणारे कोण, ते बघा म्हणजे कारण कळेल. सावित्रीसुद्धा पुरती सांगत नाहीत. तिनं नवरा स्वतः निवडला, नारदानं अपशकुन सांगितल्यावरही शब्द फिरवला नाही आणि यमाला वाटेत बोलण्यात हरवला. एवढी हुशारी वगळून वडाला दोरा तेवढा उरवला.

परंपरेत तिच्या शेजारी किती जणी आहेत. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव दार लावून बसले, तेव्हा धाकटी मुक्ताबाई दाराबाहेरून म्हणाली, ‘विश्व रागें झालें वन्हि । संतसुखें व्हावें पाणी ।’ जग आगीसारखं भडकलं तर संतांनी पाणी व्हावं. आदर्शाला त्याच्याच धाकट्या बहिणीनं भानावर आणलं. लिंगायत परंपरेत अक्कमहादेवी आहेत. बसऱ्याच्या राबियांची गोष्ट सुफी सांगतात: एका हातात मशाल, एका हातात पाणी घेऊन त्या निघाल्या, स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला, म्हणजे लोक लोभानं किंवा भीतीनं देवाकडे येणार नाहीत.

आणि अगदी जवळचं उदाहरण. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव सगळे घेतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी दागिने विकले, मंगळसूत्रही त्यात गेलं. जेवण जातपात न बघता एका पंगतीत होतं, आणि रांधणारं घर त्यांचं होतं.

दुसऱ्या धर्मातला आदर्श घेतला तर चालतो का?

येशूंना एका शास्त्र्यानं विचारलं, ‘माझा शेजारी कोण?’ त्यांनी गोष्ट सांगितली. लुटून, मारून टाकलेल्या माणसाला वाटेवरून जाणारा याजक टाळतो, लेवी म्हणजे मंदिराचा सेवकही टाळतो, आणि ज्याला ऐकणारे तुच्छ मानत तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेत पैसे भरतो. शेवटी म्हणाले, ‘जा, तूही तसंच कर.’ आदर्श परक्यातलाच निवडला होता, आणि तो मुद्दाम. आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकऱ्यांना संत म्हणून कधीचेच चालले आहेत.

आदर्श माणूस चांगलाच असायला हवा?

नरसोबाच्या वाडीला जाता ना? दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंची यादी एकदा सावकाश वाचा. ती भागवताच्या अकराव्या स्कंधात एका अवधूताच्या तोंडी येते, परंपरा त्याला दत्तात्रेय मानते. पृथ्वीकडून सहनशीलता, समुद्राकडून गांभीर्य, इथवर ठीक. पण त्यात पतंग आहे, जो रूपाला भुलून दिव्यात जळतो. गळाला लागलेला मासा आहे. जाळ्यात अडकलेल्या पिल्लांपायी स्वतःही अडकणारं कबूतर आहे. पिंगला नावाची वेश्या आहे, जी एका रात्री गिऱ्हाइकाची वाट बघून थकली, आशा सोडली आणि शांत झोपली. चोवीसांत एकही राजा नाही, एकही पंडित नाही. जवळजवळ प्रत्येकाकडून एखादाच धडा घेतलाय, आणि काहींकडून ‘असं करू नये’ एवढाच.

मला विचाराल तर आदर्शाविषयीचं एवढं मोकळं मन दुसरीकडे सापडणं कठीण.

मुलांपुढे कुणाचा आदर्श ठेवावा?

तुम्ही ठेवाल तो मुलं घेत नाहीत. जो दिसतो तो घेतात. दारात वसुलीवाला आल्यावर ‘बाबा घरात नाहीत म्हणून सांग’ असं आतून सांगणाऱ्या बापानं हरिश्चंद्राची गोष्ट सांगू नये.

शिष्य आनंद बुद्धांना म्हणाला, चांगला मित्र म्हणजे निम्मी साधना झाली. बुद्ध म्हणाले, निम्मी नव्हे, सगळी. तेव्हा पोरगं कुणाबरोबर रंकाळ्यावर हिंडतं, हे त्याच्या खोलीत कुणाचा फोटो लावलाय यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

देव न मानणाऱ्याला सद्गुण येऊ शकतो का?

येतो. माडीवर दोघे आहेत, बिल बहुतेक तेच भरतात.

तुमचा स्वतःचा आदर्श कोण?

हे विचारल्याशिवाय कुणी जात नाही. कपिलतीर्थ मंडईत एक मावशी भाजी विकायला बसतात. वांग्याला हात लावला की म्हणतात, ‘ते कालचं हाय बाबा, ह्यातलं घे.’ गिऱ्हाईक नवं असो की जुनं, पाऊस असो की सणाची गर्दी. वीस वर्षं बघतोय. बाकी शेजारच्या बाईशी जागेवरून त्या ज्या भाषेत भांडतात, ते इथं लिहिता येणार नाही. नो इतराणि.